झुल्यासाठी घेतलेला दोर

बैल विकला तरी त्याच्या गळ्यातलं दावं विकायचं नाही, अशी आमच्याकडची रीत आहे. घेणाऱ्याने स्वतःचं दावं घेऊन यायचं. विकणाऱ्याने आपलं सोडायचं आणि घरी नेऊन खुंटीला टांगायचं. दाव्याबरोबर गोठ्यातली बरकत निघून जाते, असं जुनी माणसं सांगतात. माझ्या गोठ्यात बरकत येताना किंवा जाताना मी कधी पाहिली नाही, पण रीत पाळतो, कारण ती पाळायला काही खर्च येत नाही.

या रीतीचा एक फायदा आहे. एखादा माणूस मोकळ्या हाताने तुमच्या बैलापाशी उभा राहिला तर तो नुसता पाहतोय, पाहू द्यावं. पण त्याच्या पिशवीत नवं दावं असेल तर त्याच्याशी हवापाण्याच्या गोष्टी करण्यात अर्थ नसतो. म्हणून शंकरपटाच्या, म्हणजे बैलांच्या शर्यतीच्या, मैदानावर गेलो की मी आधी माणसांच्या पिशव्या पाहतो आणि मग बैल पाहतो. माझी बायको म्हणते, या सवयीमुळे मला लोक खिसेकापू समजतात.

मी कुडव्याला राहतो. मोटारसायकलींच्या सीटा शिवायचं छोटं दुकान आहे. आमच्या ओळीतल्या लोकांनी घरामागच्या मोकळ्या जागेत भाड्याच्या खोल्या काढल्या, मी गोठा काढला. शेजारचे गृहस्थ गेटपाशी येऊन दर आठ-पंधरा दिवसांनी विचारतात, "भैया, ये बैल करता क्या है?"

"दौडता है."

"कब?"

या प्रश्नाचं उत्तर बरीच वर्षं माझ्याजवळ नव्हतं. मला परवडतील असे बैल मी घेत आलो, आणि परवडणाऱ्या बैलांचे स्वभाव ठरलेले असतात. माझा पहिला बैल सुटायच्या रेषेवर जाऊन बसला आणि झेंडी पडल्यावर रवंथ करू लागला. दुसरा धावायचा, चांगला धावायचा, पण घराकडे तोंड असलं तरच. एका पटाला तो छकडा घेऊन मैदानाबाहेर गेला, आणि आम्ही त्याच्या मागे पार रस्त्यापर्यंत. मधे काही वर्षं कोर्टाने पट बंद ठेवले. तेव्हा मला आणि माझ्या साडभावाला फार वाईट वाटलं. आमच्या बायकांना वाटलं नाही.

हा साडभाऊ म्हणजे माझ्या बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा. कामठ्याला त्याची धानाची शेती आहे. पटाचा नाद मला त्यानेच लावला. मी थोड्याशा पैजाही लावतो. हरलो तर घरी सांगत नाही, जिंकलो तर येताना आलूबोंडे आणतो. बायकोने यावरून माझा वर्षाचा ताळेबंद काढला आहे. ती म्हणते, आपल्या घरात आलूबोंड्याची चव कोणाला आठवते का विचारा.

पांढरा मी एका वीटभट्टीच्या गाडीवानाकडून घेतला. फार स्वस्तात दिला. इतका स्वस्त की सौदा झाल्यावर मला आनंदाऐवजी काळजी वाटायला लागली. त्याचे दात पाहिले, खूर पाहिले, शेपूट पाहिली, सगळं जिथल्या तिथे.

बायको म्हणाली, "खोड असंल काईतरी. उगाच कोण देते?"

"नाही सापडत."

"नाही सापडत मंजे मोठीच असंल."

खोड सापडली ती शेजाऱ्यांच्या कुकरमुळे. एके दिवशी सकाळी त्यांच्या स्वयंपाकघरात शिट्टी झाली आणि पांढऱ्याने खुंटा उपटला. गेट, नाली, भाजीवाल्याचा ठेला, सगळं मागे टाकून तो जो निघाला, तो मला रेल्वे फाटकापाशी बंद दांड्यासमोर सापडला. मला धाप लागली होती. त्याला लागली नव्हती. तिथेच, लोक हॉर्न वाजवत असताना, मला कळलं की माझ्याकडे पहिल्यांदा खरा बैल आला आहे.

साडभावाजवळ एक कबरा होता, उजवीकडून चालणारा, चांगला, पण जोडीदार नसलेला. पांढरा डावीकडे बसला. दोघांची चाल अशी जुळली की जणू एकाच गाईने शिकवलं असावं. तर आमची जोडी ही अशी, अर्धी माझी, अर्धी त्याची. पांढरा माझ्या गोठ्यात, कबरा त्याच्या. छकडा त्याचा, आणि धुरकरीही तोच, म्हणजे छकड्यावर उभा राहून हाकणारा. कुकरची गोष्ट मी त्याला हसत हसत सांगितली. चार दिवसांनी तो जिभेखालून हुबेहूब तशी शिट्टी काढायला शिकला.

तेव्हा आम्ही खूप हसलो. नंतर एकदा दुकानात सीट शिवता शिवता माझ्या मनात आलं की बैल माझा आणि त्याचं बटन दुसऱ्याच्या तोंडात, हे काही बरोबर नाही.

आता उचलीबद्दल सांगितलं पाहिजे, कारण पुढचं सगळं तिच्यापायी झालं.

मोठ्या गटात धावणाऱ्या जोड्यांच्या किमती ऐकल्या की मी विषय बदलतो. आमच्यासारख्यांसाठी आमच्या भागातल्या काही गावांनी वेगळा गट ठेवला आहे. त्यात मोठ्या लोकांनी आपले महागडे बैल गुपचूप घुसवू नयेत म्हणून पंचांनी युक्ती काढली. नाव लिहिताना प्रत्येकाने आपल्या बैलाची किंमत सांगायची, आणि तीही एका मर्यादेच्या आत. धावेआधी पंचाला सांगून त्या दिवशी त्या गटात उतरलेला कोणताही मालक तो बैल उचलू शकतो. धाव संपली की किंमत मोजायची आणि बैल त्याचा. मूळ मालकाला नाही म्हणता येत नाही. आणि मालकांनी आपसात खोट्या उचली करू नयेत म्हणून उचललेला बैल होळीपर्यंत परत द्यायचा नाही.

युक्ती चांगली आहे. त्यामुळे महागडे बैल येत नाहीत. पण स्वस्त बैलांच्या मालकांची झोप उडते. कारण बैल धावला नाही तर लोक हसतात आणि धावला तर उचलतात.

उचल करायची ती पंचाच्या कानात सांगून. पंच म्हणजे पान खाणारे एक म्हातारे. ते खुर्चीवर बसून राहतात, जो येईल त्याच्यापुढे कान करतात, आणि ऐकून झालं की फक्त "हां" म्हणतात. त्यांच्या चेहऱ्यावरून काही कळत नाही. त्या कानापाशी कोण गेलं, किती वेळ वाकलं, परत येताना कोणत्या बैलाकडे पाहिलं, यावर सगळ्या मैदानाची नजर असते. आणि लोक तर असे की काही काम नसताना जाऊन कानाला लागतात आणि "जेवलात का?" विचारून येतात. दुसऱ्याला घाम फुटावा एवढ्यासाठी.

गेल्या हिवाळ्यात आमची जोडी निघाली. पहिल्याच पटाला दुसरी आली, पुढच्या पटालाही दुसरी. मला वाटत होतं की ती पहिली येऊ शकते. मी साडभावाला तसं बोललो.

तो म्हणाला, "येते ना भाऊ. मीच थांबवून रायलो."

"काऊन?"

"पह्यली आली का लोकायची नजर पडंल. तुमचा पांढरा जाईल उचलून. मंग माह्या कबऱ्याचं काय, लोणचं घालू?"

बोलणं पटण्यासारखं होतं. पटण्यासारखं बोलणं ऐकलं की मला जरा भीती वाटते. घरी येताना मी विचार केला, की हा म्हणतो लोक उचलतील. लोक म्हणजे कोण? गटात उतरलेला कोणताही मालक. तोही तर मालकच आहे.

बायकोला सांगितलं तर ती म्हणाली, "माह्या बहिणीच्या नवऱ्यावर संशय घेता?"

"घेत नाही. येऊन रायला आपोआप."

चोरखमाऱ्याच्या तलावाच्या बाजूला एका गावी मोसमातला शेवटचा मोठा पट होता. आम्ही दोन्ही बैल एकाच छोट्या टेम्पोत घालून नेले. धान कापून मोकळ्या झालेल्या बांध्यांमधून धावपट्टी काढलेली, दोन्ही बाजूंना माणसं, भज्यांचे ठेले, खेळणीवाले, तलावावरून येणारं गार वारं. पांढऱ्याच्या शिंगांना मी स्वतः तेल लावलं. तंबाखू संपली म्हणून साडभावाच्या पिशवीत हात घातला. चुन्याची डबी लागली, चिवड्याची पुडी लागली, आणि त्याखाली काहीतरी खरबरीत, गुंडाळलेलं.

नवं दावं होतं. अंबाडीचं, हाताने वळलेलं, एकसारखं, टोकाला सुंदर गाठ.

मी ते पुन्हा तसंच ठेवलं आणि वर चिवडा ठेवला. पांढऱ्याच्या गळ्यात त्याचं दावं होतं, कबऱ्याच्या गळ्यात त्याचं. तिसरं कोणासाठी? मी पिशवीपासून लांब जाऊन उभा राहिलो, जणू पिशवीनेच मला पाहिलं होतं.

साडभाऊ छकड्याच्या चाकाला वंगण लावत होता. वर न पाहता म्हणाला, "भेटली का तंबाखू?"

"नाही."

"तंबाखू खालीच होती. चिवड्याच्या बुडी."

म्हणजे तिथे काय आहे ते त्याला माहीत होतं आणि मी कुठपर्यंत गेलो तेही त्याला माहीत करून घ्यायचं होतं. किंवा त्याला मला तंबाखू द्यायची होती. दोन्ही शक्य होतं. त्या दिवशी प्रत्येक गोष्ट दोन्ही होती.

इतक्यात काळा चष्मा घातलेला एक अनोळखी माणूस आमच्यापाशी आला. तो खाली बसला आणि पांढऱ्याचा पुढचा खूर उचलून पाहू लागला. मग दुसरा. मग म्हणाला, "बढिया है," आणि निघून गेला. मी साडभावाकडे पाहिलं, त्याने माझ्याकडे पाहिलं.

"कोण होता?" मी विचारलं.

"मले काय मालूम? तुमाले मालूम असंल."

"मले कसं मालूम असंल?"

"तुमच्याच बैलाचा खूर पाहून रायला होता ना."

मग तो वंगण लावलेल्या चाकाला पुन्हा वंगण लावू लागला.

मी विचार केला. किंमत वाढवता येत नव्हती, मर्यादा होती. नाव मागे घेता येत नव्हतं, लिहून झालं होतं. पांढरा जाणार असेल तर जाणारच होता. राहिला कबरा. पांढरा साडभावाने उचलला तर दोन्ही बैल त्याचे होतात आणि माझ्याकडे उरतो शेजाऱ्यांचा जुनाच प्रश्न. पण कबरा माझ्याकडे आला, तर जोडी जुळवायला त्याला माझ्याच दारात यावं लागेल. यात मला काही लबाडी दिसली नाही. लबाडी दिसली ती फक्त त्याच्या दाव्यात.

अडचण एकच होती, माझ्याकडे दावं नव्हतं. पटाच्या मैदानावर दोर विकत घेणं म्हणजे माईकवरून सांगण्यासारखंच. मी इकडे तिकडे पाहत दोरवाल्याच्या ठेल्यावर गेलो, आधी खुरपं पाहिलं, मग शिंकं पाहिलं, मग सहज विचारल्यासारखं म्हटलं, "झुल्यासाठी एखादा दोर हाय काय?"

दोरवाल्याने मला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं. "हाय ना. सकाळपासून सगळे झुल्यासाठीच नेऊन रायले."

निळा प्लास्टिकचा दोर मिळाला. तो मी शर्टाच्या आत पोटाला गुंडाळला आणि आधीच असलेल्या पोटाच्या आधाराने पंचाकडे गेलो. वाकलो. त्यांच्या कानातून अत्तराचा वास येत होता. मी सांगितलं ते त्यांनी ऐकलं, क्षणभर चावणं थांबवलं आणि म्हणाले, "हां."

परत वळलो तर साडभाऊ भज्यांच्या ठेल्यापाशी उभा राहून माझ्याकडेच पाहत होता. भजी खाता खाता हसला.

"काय म्हणत होते पंच?"

"काही नाही. जेवलात का विचारलं."

"मंग? जेवले?"

"हो म्हणे."

"मीबी तेच विचारलं मघाशी," तो म्हणाला, आणि मला भजं दिलं. मी ते खाल्लं. चव कळली नाही.

आमची पाळी आली. जोडी रेषेवर उभी राहिली. पांढऱ्याचे कान मागेपुढे होत होते. मला वाटलं, आज साडभाऊ पुन्हा जोडी थांबवून हाकेल, आणि थांबवली तर त्यातही काहीतरी असेल. झेंडी पडली. त्याने जीभ दाबली आणि शिट्टी वाजवली, लांब, कुकरसारखी, मधे तोडलेली नाही.

त्याने काहीच थांबवलं नाही. पांढरा आणि कबरा असे सुटले की छकड्याची चाकं जमिनीला लागत आहेत की नाही कळेना. मी बांधावर उभा राहून ओरडत होतो. ओरडता ओरडता लक्षात आलं की माझा बैल जितका जोरात धावतोय तितका माझ्यापासून लांब जातोय. तरी ओरडणं थांबवता येईना. घड्याळवाल्याने हात वर केला. गटात आम्ही पहिले आलो होतो.

मग माईकवर पंच आले. एरवी फक्त "हां" म्हणणारा माणूस माईक हातात आला की सावकाश बोलतो.

"पहिल्या नंबरची जोडी. डावा बैल, पांढरा... उचल. उजवा बैल, कबरा... उचल."

 काळा चष्मा कुठे आहे ते मी शोधत होतो.

"पांढरा उचलणारे, कबऱ्याचे मालक. कबरा उचलणारे, पांढऱ्याचे मालक."

क्षणभर कोणालाच समजलं नाही. मग गर्दीतून एक जण ओरडला, "अरे, मंग इथवर आणले कायले? घरीच बदलून घ्यायचे होते ना!" आणि जो हशा पिकला तो तलावापलीकडे गेला असेल.

साडभाऊ छकड्यावरून उतरला. आम्ही समोरासमोर उभे राहिलो. त्याने पिशवीतून अंबाडीचं दावं काढलं. मी शर्टाची बटनं सोडून निळा दोर काढला, तो एका दमात निघेना, मला स्वतःभोवती फिरावं लागलं. लोक टाळ्या वाजवत होते.

"मी तं तुमच्याचसाठी उचलला," तो हळूच म्हणाला. "तो चष्मेवाला उचलणार होता. मनलं, आपला बैल घरातच राहावा."

"मीही तुझ्याचसाठी," मी म्हटलं.

त्याने माझ्याकडे पाहिलं, मी त्याच्याकडे. मी पांढऱ्याचं जुनं दावं सोडलं. माझ्या हाताला तेल लागलं होतं, गाठ निसटत होती. पांढरा मान वळवून माझ्या पोटापाशी हुंगत राहिला. त्याच्या गळ्यात अंबाडीचं दावं पडलं, आणि मी निळा दोर कबऱ्याच्या गळ्यात बांधला. दोघांनीही मर्यादेएवढीच किंमत लिहिली होती, म्हणून पैशांची देवघेव झाली नाही. बक्षीस म्हणून आम्हाला जे मिळालं ते पंचांनी माझ्या हातात दिलं. तो कुकर होता.

जाताना चष्मेवाला भेटला. तो नाल ठोकणारा होता, गिऱ्हाईक शोधत फिरत होता.

होळीपर्यंतचे दिवस वाईट गेले. कबरा माझ्या गोठ्यात आला आणि गेटकडे तोंड करून उभा राहिला. पेंडीची ढेप ठेवली, हुंगली नाही. कुटाराचा भुसा ठेवला, मान फिरवली. शेजारी गेटपाशी आले. "भैया, ये तो दूसरा है. ये क्या करता है?"

"गुस्सा करता है."

बायको माझ्याशी मोजकंच बोलत होती आणि बहिणीशी फोनवर त्याहून मोजकं. शेवटी तिनेच फोन लावला. "तुह्या कबऱ्यानं दोन दिस काई खाल्लं नाई वं. काय करून खाऊ घालते तू?" तिकडून बहिणीने फोनमधूनच हाक मारली, "हो रे हो, हो रे राजा." कबऱ्याने कान टवकारले, फोनकडे पाहिलं आणि ढेपेत तोंड घातलं.

त्यानंतर रोज संध्याकाळी व्हिडिओ कॉल. कबऱ्याच्या घमेल्यासमोर फोन धरायचं काम माझं. साळी, म्हणजे बायकोची ती बहीण, गोठ्यासमोर उभी राहून बोलायची, आणि तिच्या मागे पांढरा दिसतो का ते मी पाहायचो. कधी शेपूट दिसायची, कधी एक कान. मग साडभाऊ नेमका मधे येऊन उभा राहायचा.

"कसे हाव भाऊ?"

"बरा. जरा बाजूला सर, ऊन येऊन रायलं तोंडावर."

"संध्याकाळचं कुठलं ऊन?" म्हणायचा आणि तिथेच उभा राहायचा.

पांढरा वाळला असेल का? की जास्तच भरला असेल आणि म्हणून तो दाखवत नसेल? होळी झाल्यावर तो परत देईल का? परत देणं नियमात बसत होतं, पण देणं भाग नव्हतं. त्याला पांढरा हवा असता, तर कबऱ्याला माझ्याकडे सोडून पांढऱ्यासाठी नवा जोडीदार शोधणं त्याला जड नव्हतं. पांढऱ्यासारखा बैल मात्र मला या जन्मात पुन्हा स्वस्तात मिळणार नव्हता.

साळी एकदा म्हणाली, "भाऊजी, तो कुकर तुमीच ठेवून घेतला ते बरं केलं. आमच्या घरचा कुकर मी माळ्यावर टाकला. शिट्टी झाली का तुमचा बैल खुंटा उपटते. आता भात बिनशिट्टीच्या गंजात करतो."

'तुमचा बैल' म्हणाली. मी ते दोन शब्द बरेच दिवस उलटेपालटे करून पाहिले.

होळीच्या दुसऱ्या दिवशी जेवण करून मी स्कूटर काढली आणि कामठ्याला गेलो. सीटखाली पांढऱ्याचं जुनं दावं घेतलं. रस्त्याच्या कडेला पळस फुललेले, उन्हाळी धानाला कालव्याचं पाणी सोडलेलं. साडभाऊ घरी नव्हता. साळीने पाणी दिलं. ओसरीत अंबाडीच्या काड्यांचा भारा ठेवलेला होता.

मी सहज म्हटलं, "दावं छान वळते हा."

"दिवाळीपासून वळून रायले होते ते एकच. रोज थोडं थोडं. मनलं कोणासाठी, तं म्हणे पांढऱ्यासाठी."

दिवाळीपर्यंत आमची जोडी एकही पट धावली नव्हती. तेव्हापासून पांढऱ्यासाठी दावं. मी पाण्याचा पेला हातात धरून बसलो. तेव्हापासून डाव? की भावाच्या बैलाला एक चांगलं दावं द्यावं म्हणून? आणि भेट द्यायची होती तर मग चिवड्याखाली कशाला?

तो आला. मला पाहिलं, मी सीटखालून काढून मांडीवर ठेवलेलं जुनं दावं पाहिलं आणि गोठ्याकडे निघाला. पांढरा बरा होता. अंगावर चमक होती, शिंगांना तेल होतं, माझ्या तेलापेक्षा चांगलं. मला पाहून तो उठला आणि पोटापाशी हुंगू लागला.

"नेऊ?" मी विचारलं.

"न्या ना. तुमचाच हाय."

"कबरा उद्या घेऊन जा."

तो थांबला. "उद्या?"

"मंग?"

"मंजे आज रातभर दोन्ही बैल तुमच्या गोठ्यात राहतीन."

"राहिले तर?"

"काई नाई. तुमच्यावर विश्वास हाय भाऊ. पण मी येतो सोबतच."

बायकांनी ऐकलं तर हसतील म्हणून आम्ही लगेच निघालो. स्कूटर मी त्याच्या अंगणात ठेवली. मी पांढऱ्याला धरून पुढे पायी, तो मागे मोटारसायकलवर पहिल्या गिअरमध्ये. गाडी घरघर करत होती. कालव्याकाठचे लोक विचारत होते, "काय झालं?" आणि आम्ही दोघंही म्हणत होतो, "काई नाई." सगळ्या वाटेत माझं लक्ष त्याच्या तोंडाकडे होतं. एक शिट्टी मारली असती तर पांढरा माझ्या हातातून सुटून कुठल्या कुठे गेला असता. दोनदा मी मागे वळून पाहिलं. दोन्ही वेळा त्याचे ओठ मिटलेले होते. तेही मला जरा जास्तच मिटलेले वाटले.

कुडव्याला पोचलो. कबऱ्याने पांढऱ्याला पाहिलं आणि असा हंबरला की शेजारी गेटपाशी आले आणि काही न विचारता परत गेले. दोन्ही बैल एका घमेल्यात तोंड घालून खाऊ लागले. आम्ही पायरीवर बसून चहा प्यायलो. बायकोने आलूबोंडे तळले होते. विकतचे नव्हते, तरी मला ते जिंकल्यासारखे वाटले.

मग तो उठला. कबऱ्याच्या गळ्यातला निळा दोर सोडला आणि मला दिला. "हा घ्या तुमचा. कोणासाठी घेतला होता मनले?"

"झुल्यासाठी."

"कामी येईल," तो म्हणाला. आपलं जुनं दावं त्याने कबऱ्याच्या गळ्यात बांधलं. पांढऱ्याच्या गळ्यातल्या अंबाडीच्या दाव्याकडे मी पाहत होतो. तो ते सोडेल म्हणून मी हातात माझं जुनं दावं धरून उभा होतो.

"तुझं दावं?"

"राहू द्या."

"रीत नाही तशी."

"रीत विकायची हाय भाऊ. मी कुठं विकला?"

एवढं बोलून त्याने मोटारसायकल आमच्याकडेच ठेवली, कबऱ्याचं दावं हातात घेतलं आणि पायी निघाला. बायको दारात आली. तिने पांढऱ्याचा गळा पाहिला.

"दावं दिलं त्यानं?" 

"दिलं."

 ज्या बाईने आयुष्यात माझा एकही संशय खरा मानला नाही ती म्हणाली, "काऊन दिलं असंल?"

ते दावं अजून पांढऱ्याच्या गळ्यात आहे. मजबूत आहे, झिजत नाही. पुढच्या मोसमात नाव लिहायचं आहे, किंमत सांगायची आहे. परवा फोनवर त्याने विचारलं, "पांढऱ्याची किती सांगता?" मी म्हटलं, "तू कबऱ्याची सांग आधी." दोघांनीही नेटवर्क नाही म्हणून फोन ठेवला.

निळा दोर मी घरामागच्या आंब्याला बांधला आहे आणि खाली फळी बसवली आहे. आमच्या घरात झुल्यावर बसायच्या वयाचं कोणी नाही. बायको बसते कधीकधी, भाजी निवडायला. पण झुला असलेला बरा. कोणी विचारलं तर दाखवता येतो.